सूतभर कमी

तुकडा मोठा होता. खिशातून काढून ओठांत धरायच्या आधीच त्याच्या बोटांना ते कळलं. कालच्यापेक्षा मोठा; फार नाही, सूतभर. दुसऱ्या कुणाला पट्टी लावून दाखवलं असतं तरी पटलं नसतं, पण त्याची बोटं सगळा जन्म कापडाच्या कडेवरून चाललेली होती, आणि कापडात सूतभर म्हणजे पुष्कळ असतं. सूतभरानं कॉलर मानेला काचते. सूतभरानं बाही मनगटावर आखूड दिसते, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून, काय चुकलंय ते न कळल्यामुळे, नुसते खांदे हलवत राहतं. त्यानं तुकडा अंगठ्यात आणि तर्जनीत धरून हळूच फिरवला, फिल्टरपासून कापलेल्या टोकापर्यंत. काडी दुसऱ्या हातात तयार होती. ती त्यानं ओढली नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला चिकटून एक लोखंडी जिना गच्चीकडे जातो. त्याच्या वळणावर बसलं की खाली इस्त्रीच्या खोलीची खिडकी दिसते आणि तिच्यातून वाफ वर येते. डबा खाऊन झाला की तो इथं येऊन बसायचा, उजवा पाय खालच्या पायरीवर लांब सोडून, आणि दिवसातला एकुलता एक तुकडा ओढायचा. ह्या तुकड्याकडे बघत सकाळ सरायची. तो ओढून झाला की उरलेला दिवस एखाद्या रिकाम्या हँगरसारखा समोर लटकत राहायचा. आणि आज तो तुकडा हातात होता, मोठा होता, आणि तो मोठा आहे ह्याचा आनंद व्हायला हवा होता. आनंद झालाही. पोटात कुठंतरी एक लहान उडी उठली, पोराला जादा गोळी मिळाल्यासारखी. मग त्या उडीचीच त्याला भीती वाटली.

“मास्तर, ही सिगरेट आहे का दात कोरायची काडी?”

बॉबिन गच्चीवरून उतरत होता. मशीनच्या बॉबिनमधला दोरा शिवण अर्ध्यात आली की संपतो, तसा मशीनवर बसणारा हा माणूस काम ऐन भरात आलं की नेमका मध्येच उठून जायचा, म्हणून त्याचं नाव बॉबिन पडलं होतं.

“तुला काय करायचंय?”

“काही नाही. काडी हातात घेऊन बसलात, म्हटलं तिची परवानगी मागताय की काय.” तो कठड्याला टेकला. “खरं सांगू का, माझ्या मेव्हण्यानं एका दिवसात सोडली. पाकीट नळाखाली धरलं, विषय संपला. तुमचं आपलं पाहुण्याला निरोप दिल्यासारखं चाललंय. दारात उभं राहून गप्पा, चपला घालून गप्पा, फाटकाशी पुन्हा गप्पा.”

“तुझ्या मेव्हण्यानं कितीदा सोडली?”

“ते विचारू नका,” बॉबिन हसला. “दर वर्षी सोडतो.”

तो गेला. लोखंड त्याच्या पावलांनी थरथरत राहिलं, आणि ती थरथर पायाच्या अंगठ्यापर्यंत आली तेव्हा मास्तरनं पाय उचलून धरला. अंगठा आता स्वतःचा वाटत नसे. आधी तो नुसता गार पडायचा. मग दुकानापासून घरापर्यंत चालताना पोटरीत पेटका यायचा, आणि तो कुठल्यातरी बंद दुकानासमोर, फार निरखून काही बघत असल्यासारखा उभा राहायचा. मग अंगठ्याचा रंग गेला, तेव्हा तो सर्जनकडं गेला. त्या सर्जनच्या खोलीत साबणाचा वास होता, म्हणजे असणार. त्या वेळी धुरामुळं त्याला वास येत नव्हते. सर्जन हात धूत धूतच बोलत होता. रक्त जायचा रस्ता अरुंद झालाय, नवा रस्ता जोडता येईल. पण धूर चालू राहिला तर नवाही बुजेल, म्हणून धूर बंद झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. “आणि फार उशीर केलात, तर मग जोडायचं राहणार नाही, कापायचं राहील.” हा शब्द मास्तरच्या तोंडात दिवसभर असायचा. पाठ कापली, कापायला घे, कापून ठेव. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं तो कापडाच्या बाजूनं ऐकला. एकदम सोडायची का, असं त्यानं विचारलं. “एकदम सुटली तर उत्तम. नाही तर कमी करत या. पण पुढच्या तारखेला शून्य. रक्त तपासणार आहे मी, त्याला थाप मारता येत नाही.” नर्सनं खाली बसून निळ्या पेनानं अंगठ्यावर एक रेघ मारली, काळेपणा जिथं संपत होता तिथं. ह्या रेघेच्या पुढं सरकलं तर तारखेची वाट बघू नका, लगेच या, ती म्हणाली. किती सफाईदार रेघ. खडूनं कापडावर मारावी तशी, हात न उचलता. आणि ती पुढची तारीख उद्याची होती.

हळूहळू सोडायचं त्यानंच ठरवलं होतं. मुलगी फोनवर भांडली. “बाबा, हळूहळू म्हणजे न सोडण्याचाच एक प्रकार आहे.” त्यानं तिला समजावलं होतं की कापड कधी शेवटच्या मापाला कापत नाहीत. आत माया ठेवायची, म्हणजे शिलाईच्या पलीकडं चार बोटं जादा कापड. कच्चं शिवायचं, अंगावर घालून बघायचं, मग थोडं थोडं आत घेत जायचं. आत घेतलेलं परत सोडता येतं. कापून टाकलेलं परत येत नाही. “तुमचा पाय म्हणजे कोट नाही,” मुलगी म्हणाली, आणि फोनमधून तिच्या घरातला नळ गळत असलेला ऐकू येत राहिला. पण त्याला दुसरी रीत माहीत नव्हती. आधी त्यानं पाकिटाची निम्मी केली, मग मोजून, मग जेवणानंतरची एकच उरली. मग ती एक लांबीनं कमी करायची, एक दिवसाआड एक सूत. कात्री बायकोकडं दिली. ती घरी बसून काजंबटणं करायची, तिची छोटी कात्री केसाच्या टोकाचे दोन भाग करील अशी. सकाळी ती बटणांच्या डब्यातून तुकडा काढून त्याच्या खिशात ठेवायची, जशी कधीकाळी मुलीच्या दप्तरात पेन्सिल ठेवायची. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. तो चहाच्या कपावर ओरडला, खिडकीवर ओरडला, एकदा तर आपल्याच सावलीला बाजूला हो म्हणाला. पण तुकडा आखूड होत होता. एके दुपारी ह्याच जिन्यात बसलेला असताना खालून वाफ आली आणि त्या वाफेला वास होता. ओल्या लोकरीचा, भिजलेल्या जनावराच्या पाठीचा. उमेदवारीच्या दिवसांत, पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा हाच वास होता. मध्ये सगळं आयुष्य तो नव्हता. तो बसून राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेचं असावं.

वास परत आले आणि त्यांच्याबरोबर नको ते दिसायलाही लागलं. बायको रोज संध्याकाळी त्याचा कोट खुंटीला लावते. लावण्याआधी पाठ करून उभी राहते आणि कोटाच्या गळ्यात तोंड घालते. क्षणभरच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो मनात चडफडला. पोलीस! बाहेर चोरून ओढतो की काय, वास घेऊन बघते. त्यानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम इस्त्रीच्या खोलीत उभा राहून कोट वाफेनं भरून नेला, बघू दे म्हणाला, सापडतं का काही. त्या दिवशी तिनं तोंड जरा जास्तच वेळ कोटात ठेवलं होतं.

आता तो तुकडा हातात घेऊन जिन्यात बसला होता आणि त्याला तिची ती पाठ दिसत होती. पाठीचं माप त्याला पाठ होतं. घाबरली की तिचे खांदे पुढं येतात, मधली शिवण ओढली जाते. कोटात तोंड घातलेल्या त्या बाईचे खांदे पुढं आलेले होते. संशय घेणाऱ्या माणसाचे खांदे असे नसतात. असे खांदे त्यानं एकदाच बघितले होते, तिच्या दादाच्या वेळी.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. हसरा, जाडा आवाज, बोलताना धूर सोडायचा की धूर सोडताना बोलायचा ते कळायचं नाही. त्याच्या छातीचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरनं सांगितलं त्याच दिवशी दादानं पाकीट कपाटावर फेकलं. एकदम. एका झटक्यात, बॉबिनच्या मेव्हण्यासारखं. मग कोट शिवायला आला. “मेव्हणे, आत भरपूर कापड ठेवा हं. सिगरेट सोडली की अंग भरतं म्हणतात. पुढच्या वर्षी कंबर सोडायला तुमच्याकडंच येणार.” मास्तरनं चार बोटांच्या जागी सहा बोटं ठेवली होती. तो कोट घालूनच दादा हॉस्पिटलात गेला, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्सची चेष्टा करत आत गेला आणि परत आला नाही. कोट आला, घडी घालून, पिशवीतून. बायकोनं तो उलगडला, तोंड आत घातलं, आणि मग तसंच वर करून ती म्हणाली होती, “ह्याला दादाचा वासच नाही.” रडली नाही. पुन्हा पुन्हा तेवढंच. वासच नाही. सोडून थोडेच दिवस झाले होते, पण कोट नवा होता, त्याला जुना धूर कुठून असणार. तो तिला हे समजावत बसला होता. मूर्खासारखा समजावत बसला होता.

काडी त्यानं पेटीत परत घातली. तुकडा वरच्या खिशात ठेवला. उठताना पायात काहीतरी ओढलं गेलं.

दुपारी गडद, महागाचं कापड टेबलावर होतं. गिऱ्हाइकानं स्वतः आणलेलं, मोजून मापून, एक पट्टी जादा नाही. मास्तरनं खडू घेतला. तोंड कोरडं पडलं होतं, जिभेच्या मागं काहीतरी खाजत होतं, आणि वरच्या खिशातला तुकडा छातीला लागत होता, जणू खिशात निखारा असावा. आता जाऊन ओढला तर? सूतभरच तर आहे. पण उद्या रक्त तपासणार. मग रक्तात कालचा आहेच की, परवाचा आहे. काल तरी किती होता? त्याचा हात थांबला. कालचा परवाएवढाच होता. आणि परवाचा? त्याच्या आधीचा? बोटांनी प्रत्येक तुकड्याचं माप घेतलेलं होतं, घेणारच, त्यांना सवय होती. ती सगळी मापं आत कुठंतरी ओळीनं पडून होती आणि तो ती बघत नव्हता. तुकडा आखूड व्हायचा थांबून कितीतरी दिवस झाले होते. आज तो वाढला म्हणून कळलं असं नाही. आज तो वाढला म्हणून, कळत नाही असं म्हणणं अवघड झालं, एवढंच. बायको आखूड करायची थांबली होती आणि हा तिला थांबू देत होता.

“मास्तर,” बॉबिन शेजारी उभा होता, “हे असं कापलंत तर बाही कुठून काढणार?”

त्यानं खाली बघितलं. पाठ, दोन्ही पुढचे भाग, सगळं आखून झालं होतं आणि प्रत्येक रेघेच्या बाहेर त्यानं एवढी माया ठेवली होती की कापड संपलं होतं. एका बाहीला जागाच नव्हती.

“एकबाही कोट,” बॉबिन म्हणाला. “नवी फॅशन. दुसरा हात गिऱ्हाइकानं खिशात ठेवायचा.” मग त्याचा चेहरा बघून आवाज खाली आणला. “बसा जरा. बरं नाही का?”

“कापलं नाही अजून,” मास्तर म्हणाला. “नुसतं आखलंय.” ब्रश घेऊन तो रेघा झटकायला लागला. गडद कापडावरून पांढरी पूड उडाली, पण नीट बघितलं तर प्रत्येक जुनी रेघ पुसट उरली होती, आणि त्याला आपला अंगठा आठवला.

घरी पोचेपर्यंत त्याला दोनदा थांबावं लागलं. बायको दिव्याखाली काजं करत बसली होती. उठून तिनं कोट घेतला, खुंटीकडं गेली, पाठ केली. ह्या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. ती वळली तेव्हा त्यानं तुकडा टेबलावर, बटणांच्या डब्याशेजारी ठेवला होता.

“अहो, ओढली नाहीत?”

“नाही.”

“का?”

“मोठी आहे.”

ती बसली. सुई उचलली, पण दोरा ओवलेला असून पुन्हा ओवायला लागली. “तुमचं आपलं काहीतरीच. कापताना होतं इकडंतिकडं.”

“तुझ्या हातून?”

ती सुईच्या नेढ्याकडं बघत राहिली.

“काजाचा एक टाका तुझा कधी इकडंतिकडं झाला नाही. मी रागावलो नाहीये. विचारतोय.”

“मग विचारू नका.” तिनं सुई खाली ठेवली. “उद्या रक्तात सापडलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, अजून नाही, पुढची तारीख घ्या. मला तेवढंच हवं होतं. पुढची तारीख. तुम्ही त्या दारातून आत जाणार आणि मी बाहेर कोट धरून बसणार, आणि...” तिनं खुंटीकडं हात केला. “रोज बघते मी. रोज कमी होतोय. तुमचा वास. परवा तर नुसती वाफ होती.”

इस्त्रीच्या खोलीत मुद्दाम उभं राहिलेलं त्याला आठवलं, आणि कान गरम झाले.

“आणि पाय?” तो म्हणाला.

“पाय आहे तसाच आहे. रेघेच्या आत आहे. तुम्ही झोपलात की मी बघते, उगाच का इतके दिवस...” ती थांबली. तो मोजा काढत होता.

पाय त्यानं खुर्चीवर ठेवला, दिव्याखाली. अंगठा काळा होता आणि काळेपणाच्या कडेला निळी रेघ होती, अगदी कडेला लागून, नीटस.

“बघा ना,” ती म्हणाली. “आहे तसाच.”

“पेनाची रेघ आंघोळीला पुसते गं.”

“मग?”

“मग मी परत मारतो.”

ती त्याच्याकडं बघत होती. तिला लगेच कळलं नाही, आणि ते कळेपर्यंतचा वेळ त्याला जिन्यातल्या सगळ्या दुपारींपेक्षा लांब वाटला. मग तिनं हळूच विचारलं, “त्याच जागी?”

त्यानं पाय दिव्याकडं आणखी सरकवला. ती खाली वाकली. बोटाच्या टोकानं रेघेपासून मागं मागं गेली, गार कातडीवरून, नखाकडं, आणि जिथं नर्सनं पहिली रेघ मारली होती त्या जागेवर थांबली. ती जागा तिला बरोबर आठवत होती. दोघांच्याही मापांत खोट नव्हतीच कधी. मधली ती दोन बोटांची जागा सगळी काळी होती.

“लगेच या म्हणाली होती ती,” ती म्हणाली.

“उद्या तारीख आहेच.”

“लगेच म्हणाली होती.” ती उठली. पिशवी काढली, टॉवेल घातला, त्याची जादाची पँट घातली, वर आपली छोटी कात्री आणि सुईदोरा टाकला, हे कशाला ते त्याला कळलं नाही. मग टेबलाशी परत आली, तुकडा उचलला आणि चिंध्यांच्या टोपलीवर धरून कापायला लागली. घाई असून घाईनं नाही. एक सूत, आणखी एक सूत, इतके दिवस राहिलेली सगळी सुतं एकामागून एक, तंबाखूचा भुगा चिंध्यांवर पडत होता आणि त्याचा वास खोलीभर झाला. त्याच्या जिभेखाली पाणी सुटलं. तो बघत राहिला. फिल्टर उरला तेव्हा तिनं तोही टोपलीत टाकला.

“झालं,” ती म्हणाली. “चला.”

सर्जन निघायच्या तयारीत होता, तरी थांबला. पाय हातात घेऊन त्यानं तो दिव्याकडं वळवला. “ही रेघ कुणाची?”

“माझी.”

“आमची कुठं होती?”

मास्तरनं दाखवली. सर्जन आणखी खाली वाकला, आणि त्याच्या हातांना साबणाचा वास होता, तीव्र, जवळचा. “सिगरेट?”

“रोज एक तुकडा. आज नाही.” मग तो म्हणाला, “कमी होतोय असं आम्ही दोघं म्हणत होतो. होत नव्हता.”

“अंगठा वाचेल असं मी सांगत नाही,” सर्जन म्हणाला. “पाय वाचवायचा प्रयत्न करू. आता धूर निवळायची वाट बघायला वेळ नाही, पण आजपासून पुढं एकही नाही. तुकडा नाही, झुरका नाही. जमेल?”

जमेल असं म्हणायला तोंड उघडलं आणि जिभेच्या मागं ती खाज पुन्हा उठली, दुपारची. कुठं आत घ्यायला जागा नव्हती, सोडायला जागा नव्हती. “बघतो” म्हणावंसं वाटलं, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तो हेच सांगत आला होता. “जमवतो,” तो म्हणाला.

चाकाच्या खाटेवर आडवं करून त्याला बाहेर आणलं तेव्हा बायको भिंतीशेजारच्या बाकावर बसली होती. त्याचा कोट तिनं अंगावर चढवला होता, बाह्या बोटांच्या पुढं गेलेल्या. मांडीवर त्याची पँट उलटी करून पसरलेली होती आणि ती छोट्या कात्रीच्या टोकानं कमरेची मागची शिवण उसवत होती. टाका न् टाका. आत दडपून ठेवलेलं कापड, कधी उजेड न बघितलेलं, मूळ रंगाचं, बाहेर येत होतं.

“हे काय करतेस?”

तिनं वर बघितलं नाही. कात्री शिवणीच्या बाहेर जात नव्हती. “कंबर सोडून ठेवते. अंग भरतं म्हणतात.”

“किती सोडतेयस?”

“आहे तेवढी सगळी,” ती म्हणाली, आणि वॉर्डबॉयनं खाट पुढं ढकलली.